‘निषेध करणे’ : अर्थ, वळणे आणि वापर

‘निषेध करणे’ हे आजच्या मराठीत जाहीर नापसंतीचे सर्वांत रुळलेले क्रियापद आहे. गोळीबार, खून, पुतळ्याची विटंबना, भाववाढ, एखाद्या मंत्र्याचे वक्तव्य, परीक्षेतला घोळ, यांपैकी काहीही घडले की पहिल्या तासाभरात निषेध होतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचे फलक लागतात. शब्द संस्कृत असला तरी या अर्थाने तो मराठीचा स्वतःचा आहे. शेजारच्या बहुतेक भाषांत तोच शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे.

नि या उपसर्गाला सिध् हा धातू जोडून निषेध होतो. उपसर्गातल्या इकारामुळे स चा ष होतो. हा सिध् म्हणजे सिद्धी, साध्य यांच्या मुळाशी असलेला धातू नव्हे. त्याचा अर्थ जाणे, हाकलणे असा आहे, आणि नि लागला की परतवणे, अडवणे, मनाई करणे असा होतो. प्रतिषेध हा शब्द याच घरातला. म्हणजे निषेध मुळात तोंडाने व्यक्त करायच्या नाराजीचा शब्दच नाही. जो अडवू शकतो त्याच्या अधिकाराचा तो शब्द आहे.

मीमांसकांनी या अधिकाराला शास्त्रात जागा दिली. लौगाक्षी भास्कराच्या ‘अर्थसंग्रहा’त वेदवाक्यांचे पाच भाग सांगितले आहेत: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. अमुक करावे असे सांगतो तो विधी, अमुक करू नये असे सांगतो तो निषेध. त्याचे ठरलेले उदाहरण कलंज खाऊ नये हे. कलंज म्हणजे विषारी बाणाने मारलेल्या पशूचे मांस की एखादी वनस्पती, यावर टीकाकारांचे एकमत नाही. या पाचांच्या यादीत निंदा स्वतंत्रपणे येत नाही. ती अर्थवादाच्या पोटात, स्तुतीच्या शेजारी बसते. मीमांसकांचा ‘नहिनिंदान्याय’ तर निंदेचे कामच वेगळे ठरवतो. एका गोष्टीची निंदा केलेली दिसते तेव्हा हेतू तिला दूषण देण्याचा नसून दुसऱ्या एखाद्या गोष्टीची स्तुती करण्याचा असतो, असे तो सांगतो. निवडणुकीच्या प्रचारसभा ऐकणाऱ्याला हा न्याय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

निषेधाचा हा जुना अर्थ मराठीतून पुरता गेलेला नाही. ‘त्याला कसला विधिनिषेधच राहिला नाही’ या वाक्यातला निषेध अजून मीमांसकांचाच आहे. निषिद्ध या शब्दातही मनाईच आहे. एकादशीला भात निषिद्ध असतो, म्हणून भाताचा कोणी निषेध करत नाही. निषेधार्ह मात्र पूर्णपणे नव्या अर्थाचा. एकाच शब्दाची ही दोन अपत्ये एकमेकांना ओळख देत नाहीत.

शेजारच्या भाषांत

हिंदीत निषेध म्हणजे आजही मनाई. रेल्वेच्या डब्यात किंवा केंद्र सरकारच्या कार्यालयात ‘धूम्रपान निषेध’ अशी पाटी असते. मराठी वाचकाला ती क्षणभर घोषणेसारखी वाटते, जणू धूम्रपानाविरुद्ध कोणी मोर्चाच काढला आहे. त्याच पाटीची मराठी ‘धूम्रपानास सक्त मनाई’ अशी होते. ३१ मेचा दिवस हिंदीत ‘तंबाकू निषेध दिवस’ आणि मराठीत ‘तंबाखूविरोधी दिन’ असतो. हिंदीतली निषेधाज्ञा मराठीत संदर्भाप्रमाणे जमावबंदी होते, नाहीतर कोर्टाचा मनाई हुकूम. बंगालीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूतही निषेध म्हणजे बंदीच. मल्याळमने थोडे वेगळे वळण घेतले. तिथे निषेध म्हणजे नाकारणे, इन्कार करणे, आणि ज्याला मराठी माणूस निषेध म्हणतो त्यासाठी मल्याळम प्रतिषेध वापरते.

उलट बाजूने पाहिले तर मराठीच्या निषेधाची जागा हिंदीत दोन शब्दांनी भरली आहे. रस्त्यावर उतरायचे असेल तर विरोध, निवेदन काढायचे असेल तर निंदा. कन्नड आणि तेलुगूत त्या निवेदनाला खंडन म्हणतात. मराठीत खंडन हा वादविवादातला शब्द आहे. मुद्द्याचे खंडन होते, हल्ल्याचे होत नाही. म्हणून हिंदीतून घाईने भाषांतर केलेल्या बातमीत ‘परराष्ट्रमंत्र्यांनी हल्ल्याची निंदा केली’ असे वाक्य आले की मराठी कान अडखळतो. मंत्री कुठेतरी ओट्यावर बसून हल्ल्याच्या माघारी त्याच्याविषयी वाईटसाईट बोलले, असे काहीसे त्यातून ऐकू येते.

हा फरक नुसत्या सवयीचा नाही. मराठीत निंदा ही दुसऱ्याने केलेली गोष्ट आहे. ती पाठीमागे होते, हेतू शुद्ध नसतो आणि करणारा ती केल्याचे कबूल करत नाही. संतांनी निंदक शेजारी असावा असे म्हटले ते निंदेचे कौतुक म्हणून नव्हे, आपले दोष फुकटात धुऊन निघतात म्हणून. ‘मी तुझी निंदा करतो’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण मराठीत ते कोणी बोलत नाही. ‘मी निषेध करतो’ हे मात्र रोज बोलले जाते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत काही क्रियापदे वेगळी काढून दाखवली. ती उच्चारली की कृती घडते. वचन देतो म्हटले की वचन दिले जाते. १९६२ मध्ये ही व्याख्याने पुस्तकरूपाने आली. मराठीतले ‘निषेध करतो’ याच जातीचे आहे. ‘मी धावतो’ म्हटल्याने कोणी धावत नाही, पण ‘आम्ही निषेध करतो’ म्हणताच निषेध होऊन जातो, वेगळे काही करावे लागत नाही. या क्रियापदाची ताकद आणि त्याच्यावर होणारा पोकळपणाचा आरोप, दोन्ही इथूनच येतात.

व्याकरण

निषेधणे असा नामधातू जुन्या मराठीत सापडतो, पण मनाई करणे या अर्थाने. नव्या अर्थाने तो रुजला नाही. आजचा निषेध करणे, नोंदवणे किंवा व्यक्त करणे अशा साहाय्यक क्रियापदाशिवाय चालत नाही. धिक्कार या शब्दाचे तसे नाही. त्याचे धिक्कारणे आजही जिवंत आहे, मात्र त्यात दूषण देण्याइतकाच झिडकारण्याचाही अर्थ आहे. ‘त्याने सरकारी मानधन धिक्कारले’ यात कोणी घोषणा दिलेली नसते, पैसे परत केलेले असतात.

निषेधाचे कर्म षष्ठीत येते: घटनेचा, कृत्याचा, धोरणाचा निषेध. विरोधाचे कर्म चतुर्थीत, म्हणजे धरणाला विरोध, विधेयकाला विरोध. या विभक्तिभेदामागे काळाचा भेद दडला आहे. विरोध पुढे पाहतो. गोष्ट अजून व्हायची आहे आणि ती होऊ द्यायची नाही. निषेध मागे पाहतो. गोष्ट झालेली आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो विरोध. सत्याग्रहींना झालेली मारहाण आणि अटक यांचा निषेध. एकाच आंदोलनात दोन्ही असतात, पण ‘धरणाचा निषेध’ म्हटले की धरण बांधून झाले असे वाटू लागते. विधेयकाचा निषेध चालतो, कारण विधेयक मांडणे ही घडून गेलेली कृती असते.

कर्म कृत्य असावे की व्यक्ती, हा या क्रियापदाचा नाजूक भाग आहे. जपून लिहिणारे कृत्याचा निषेध करतात आणि व्यक्तीचा धिक्कार. फलकांवर ही सीमा केव्हाच पुसली गेली. तिथे माणसाचे नाव, त्याला जोडलेला चा आणि पुढे ‘जाहीर निषेध’ एवढेच असते. जाहीर हा अरबी शब्द निषेधाला इतका चिकटला आहे की तो नसेल तर निषेध खासगी झाल्यासारखा वाटतो. तीव्र, कडक, त्रिवार ही त्याची नेहमीची विशेषणे. त्रिवार हे धिक्काराकडून उसने आलेले दिसते, आणि ‘निषेध असो’ ही घोषणाही ‘धिक्कार असो’ याच साच्यात ओतलेली आहे. मनाईच्या अर्थाचा निषेध असा ‘असो’ लावून देता आला नसता. मनाई ही इच्छा नसते, हुकूम असतो.

कर्मणी प्रयोगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ‘निषेध करण्यात आला’, ‘निषेध नोंदवण्यात आला’ हे वृत्तपत्री मराठीचे लाडके प्रयोग आहेत. कोणी केला हे गुलदस्त्यात राहते. ज्या क्रियापदाचे सगळे वजन ‘मी’ आणि ‘आम्ही’ या कर्त्यावर आहे, त्याचाच कर्ता गाळणे हे त्याला बोथट करण्यासारखे आहे. ‘निषेध करावा तेवढा थोडाच’ हे वाक्यही तसलेच. ते निषेधाची मोजणी करते, निषेध करत नाही.

शिक्षा म्हणून धिक्कार

जाहीर दूषण ही प्राचीन भारतात शिक्षाही होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने शिक्षा कोणत्या क्रमाने द्यावी हे सांगितले आहे: आधी वाग्दंड, मग धिग्दंड, त्यानंतर धनदंड आणि शेवटी वधदंड, म्हणजे शारीरिक शिक्षा. वाग्दंडात नुसती समज असते. धिग्दंडात ‘धिक्’ हा उद्गार राजाच्या तोंडून येतो आणि तेवढ्याने माणसाची पत जाते. जैन पुराणांत याची आणखी साधी मांडणी आहे. समाजव्यवस्था घालून देणाऱ्या कुलकरांपैकी पहिल्यांच्या काळी अपराध्याला ‘हा’ एवढे म्हटले तरी पुरे. पुढे ‘मा’ जोडावे लागले आणि अखेरच्यांना ‘धिक्’ही. हाकार, माकार, धिक्कार अशी ही चढती दंडनीती माणसांची लाज कशी कमी होत गेली तेही दाखवते.

धिग्दंड सांगणाऱ्या मनुस्मृतीचाच धिक्कार पुढे महाराष्ट्रात झाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत तिचे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. ज्यांना या ग्रंथाने केवळ ऐकून घेण्याच्या बाजूला बसवले होते त्यांनी ‘धिक्’ उच्चारण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. मराठीतला कुठलाही निषेध याहून मुळाशी गेलेला नाही.

जातींच्या पंचायतींकडे धिग्दंडाचेच एक रूप होते. मराठीत त्याला वाळीत टाकणे म्हणतात, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या जातीय वादाला ग्रामण्य. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी चहाला गेली. हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर संपले. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये ग्रामण्यांचा सबंध इतिहासच लिहिला. अशा शिक्षेत बोलले काहीच जात नाही. विस्तव-पाणी बंद होते, लग्नाची निमंत्रणे थांबतात, मर्तिकाला खांदा मिळत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. समूहाने एखाद्याचा जाहीर धिक्कार करावा की नाही, यावर तो कायदा काही म्हणत नाही. धिक्काराच्या नावाखाली त्याचे जगणे बंद पाडणे मात्र गुन्हा ठरतो.

नोकरशाहीत या सगळ्याची अगदी फिकी सावली उरली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये किरकोळ शिक्षांत पहिली शिक्षा ‘ठपका ठेवणे’ ही आहे. ठपका सेवापुस्तकात जातो, चौकात येत नाही. न्यायालयाची भाषा आणखी वेगळी. न्यायालय कोणाचा निषेध करत नाही. ते ताशेरे ओढते, खडसावते, फटकारते. ज्याच्या हाती आदेश काढण्याचा अधिकार आहे त्याने निषेध करायचा नसतो, हे मराठीने न सांगता पाळले आहे.

निषेध कोणाच्या तोंडी

इथेच या शब्दाचा खरा पालट दिसतो. मनाईच्या अर्थाचा निषेध वरून खाली येत होता. शास्त्र, राजा, गुरू करत आणि इतर पाळत. आजचा निषेध खालून वर जातो. जे अडवू शकत नाहीत, पण संमतीही देणार नाहीत, त्यांचा तो शब्द झाला. हा बदल नेमका कुठल्या वर्षी झाला हे बोट ठेवून सांगता येणार नाही, पण ज्या वातावरणात तो रुळला ते ओळखीचे आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि अर्ज, निवेदन, ठराव यांची भाषा घडू लागली. ठरावात मनाई करता येत नव्हती, कारण सत्ता इंग्रजांची. नुसती विनंती पुरेशी नव्हती, कारण सभा प्रजेची. या दोहोंमध्ये ‘आम्हांला हे मान्य नाही आणि तशी नोंद व्हावी’ असे म्हणणाऱ्या शब्दाची गरज होती. ‘निषेध नोंदवणे’ या प्रयोगातला नोंदवणे हा कागदी शब्द त्याच घडणीची खूण असावी.

३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले तेव्हा काळे झेंडे आणि परत जा ही घोषणा स्वागताला होती. झेंडा काळा करून निषेध दाखवण्याची पद्धत पुढे स्वतंत्र भारतातही तशीच चालू राहिली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला पंतप्रधान नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या झेंड्यांनी निदर्शने केली. त्यामागे २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनजवळचा गोळीबार होता आणि आंदोलनातले शंभरावर मृत्यू होते. चिंतामणराव देशमुखांचा निषेध दुसऱ्या वळणाचा. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनामा हा असा निषेध आहे की त्याची किंमत करणाऱ्याने आधी स्वतः चुकती केलेली असते, म्हणून त्यावर पोकळपणाचा आरोप टिकत नाही.

शब्दावरच बंदी असते तेव्हा निषेध दुसरी रूपे घेतो. आणीबाणीत, २८ जून १९७५ रोजी, ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी तुरुंगवासानंतर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. कोणाच्याही निषेधाचा शब्द त्या प्रार्थनेत असायची गरज नव्हती. व्यासपीठावर सत्ताधारी बसलेले होते आणि सभामंडपाला अर्थ कळला. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. २०१६ मध्ये कोपर्डीच्या अत्याचारानंतर ९ ऑगस्टला औरंगाबादेतून सुरू झालेले मराठा क्रांती मूक मोर्चे हाही शब्दाविना निषेध होता, मात्र तिथे शब्द कोणी बंद केले नव्हते. ते आपण होऊन मागे ठेवले होते. लाखोंच्या गर्दीने घोषणा न देणे हे महाराष्ट्राला इतके अनोळखी होते की घोषणांपेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली.

आवर्ती निषेधाचे उदाहरण पुण्यात आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर खून झाला. दुसऱ्या दिवशी पुणे बंद राहिले, चार दिवसांत सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. निषेध एकदा करून मोकळे होता येते, असे त्याच्यावर आक्षेप घेणारे म्हणतात. या पुलावर ते खरे ठरले नाही.

न केलेला निषेधही हिशेबात धरला जातो. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला एम. एम. कलबुर्गी यांचा खून झाला. ते साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले लेखक. अकादमी गप्प आहे म्हणून देशभरातल्या लेखकांनी पुरस्कार परत केले, आणि २३ ऑक्टोबरला अकादमीच्या कार्यकारी मंडळाने खुनाचा निषेध करणारा ठराव केला. सत्ता किंवा संस्था यांच्या बाबतीत निषेधाचे गणित असे उलटे चालते: केला तर विशेष काही नाही, केला नाही तर ती बातमी. आणि सरकारने स्वतः ‘भ्याड हल्ल्याचा तीव्र शब्दांत निषेध’ केला की लोक चिडतात, यालाही हेच कारण आहे. ज्याच्या हाती पोलीस आणि सैन्य आहे त्याने प्रजेचा शब्द का वापरावा? ‘निषेध नको, कारवाई करा’ हे उत्तर त्या चिडीतून येते.

सभागृह आणि राजनय

सभागृहात निषेध ठरावाने होतो, सभात्यागाने होतो, हौद्यात उतरून होतो. याहून औपचारिक आहे तो निंदाव्यंजक ठराव. अविश्वासाचा ठराव सबंध मंत्रिमंडळावर असतो आणि त्यात कारण द्यावे लागत नाही. निंदाव्यंजक ठराव एकट्या मंत्र्यावरही आणता येतो, कारण द्यावेच लागते, आणि तो संमत झाला तरी राजीनामा बंधनकारक नसतो. इथे मात्र निंदा हा शब्द टिकला आहे.

आंतरराष्ट्रीय निवेदनांत एकेका क्रियापदाची उंची मोजलेली असते. चिंता, तीव्र चिंता, खेद, नापसंती आणि सर्वांत वर निषेध. युक्रेनवरील आक्रमणानंतर २५ फेब्रुवारी २०२२ ला सुरक्षा परिषदेपुढे आलेल्या मसुद्यात आधी इंग्रजीतला ‘कंडेम’ होता. चीनने विरोधात मत देऊ नये म्हणून तो काढून त्याहून सौम्य ‘डिप्लोअर’ घातला गेला. ११ मते बाजूने, रशियाचा नकाराधिकार, आणि चीन, भारत व संयुक्त अरब अमिराती तटस्थ. २ मार्चला आमसभेत तोच सौम्य शब्द, फक्त कडक विशेषणासह, १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. १२ ऑक्टोबरला रशियाने घेतलेल्या सार्वमताविरुद्धच्या ठरावात मात्र ‘कंडेम’ परत आला आणि १४३ मते पडली. भारत तिन्ही वेळा तटस्थ राहिला. मराठीत या दोन्ही शब्दांसाठी सरसकट निषेध वापरला जातो, त्यामुळे ज्या एका शब्दावर मतांची जुळवाजुळव चालली होती तो वाचकाच्या नजरेतून निसटतो. पहिल्यासाठी निषेध आणि दुसऱ्यासाठी तीव्र नापसंती असा भेद पाळता येण्यासारखा आहे.

जाता जाता, इंग्रजी ‘कंडेम’ मराठीत फार पूर्वी दुसऱ्याच दाराने शिरला आहे. वापरास अयोग्य म्हणून मोडीत काढलेली गाडी किंवा इमारत ‘कंडम’ होते. माणसालाही कंडम म्हणतात, पण त्यात निषेध नसतो, मोडीत काढणे असते.

बोलीतले पर्याय आणि थट्टा

छापील निषेधाच्या बाहेर मराठीजवळ याच कामाचा मोठा साठा आहे, आणि तो निषेधापेक्षा पुष्कळ रंगतदार आहे. नावाने खडे फोडणे, नावाने शिमगा करणे, तोंडसुख घेणे, आगपाखड करणे, आसूड ओढणे, छी-थू होणे, नुसताच बोल लावणे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले त्यात हाच हिसका आहे. या प्रयोगांना ठराव नको, सूचक-अनुमोदक नको. पण एक भेद राहतोच. खडे फोडणारा स्वतःचा राग मोकळा करतो. निषेध करणारा इतरांनी ऐकावे अशी अपेक्षा धरतो. जोडे मारो आंदोलन हे या दोहोंच्या मधले रूप आहे. त्यात पुतळा, चपला आणि छायाचित्रकार तिन्ही लागतात.

व्यक्तीवर येऊन थांबणाऱ्या निषेधाला कायद्याची कड लागते. अब्रुनुकसानी हा १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल किंवा सार्वजनिक प्रश्नावरील कोणाच्याही वागणुकीबद्दल सद्हेतूने व्यक्त केलेले मत त्यातून वगळलेले आहे. म्हणून ‘या निर्णयाचा निषेध’ सुरक्षित, आणि निर्णय घेणाऱ्यावर पुराव्याविना लाचखोरीचा आरोप जोडलेला निषेध धोक्याचा. जुन्या वळणाचे लेखक कृत्याचा निषेध आणि व्यक्तीचा धिक्कार वेगळा ठेवत, त्यात भाषेच्या नेटकेपणाइतकेच हे शहाणपणही होते.

शेवटची छटा थट्टेची. संगणकावर मराठी लिहिणे सुरू झाल्यानंतरच्या काळात ‘णिषेध’ असे मुद्दाम ण लावून लिहिण्याची रीत पडली. परदेशी असलेल्या मित्राने पुरणपोळीचे किंवा हापूसच्या पेटीचे छायाचित्र पाहिले की तो ‘जाहीर णिषेध’ लिहितो. रडका सूर, जाहीरचा आव आणि एका अक्षराची मोडतोड, यांतून निषेधाच्या ठरीव साच्याची फिरकी घेतली जाते. पुढे हा शब्द बोलण्यातही आला, तिथे ण नीट उच्चारून. खऱ्या निषेधाशी त्याची गल्लत होत नाही. खुनाच्या बातमीखाली कोणी ण लावत नाही.